चूल, वैल आणि उन्हवणी: सूर्याची जोड दिलेल्या गॅस वीजकेंद्राची खरी कार्यक्षमता किती?

माझा भाचा सांगलीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं प्रोजेक्टचा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राला सौर उष्णतेची जोड दिली तर काय होतं. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'कार्यक्षमता ६४ टक्के.'

मी फोन केला. "अरे, या जातीच्या केंद्रांचे विक्रम माहीत आहेत ना?" त्याला माहीत होते. फ्रान्समधलं बुशां इथलं केंद्र २०१६ साली ६२.२२ टक्क्यांवर पोचलं आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. २०१८ साली जपानच्या निशी-नागोया केंद्रानं ६३.०८ टक्के गाठले. "म्हणजे तू दोघांनाही मागे टाकलंस म्हण की." तो म्हणाला, "मामा, माझ्यात सूर्य आहे ना!"

गंमत अशी की त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. बेरीज, भागाकार सगळं बरोबर होतं. असे आकडे संशोधनपर लेखांत असतात, कंपन्यांच्या पत्रकांत असतात आणि मग बातम्यांत येतात. आकडा खरा असतो, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न आपण विचारलेलाच नसतो.

चूल आणि वैल

आधी साधं गॅस केंद्र पाहू. त्यातलं गॅस टर्बाइन विमानाच्या जेट इंजिनासारखं असतं. बाहेरची हवा ओढायची, ती दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा आणि तापलेल्या वायूच्या झोतानं पाती फिरवायची. (पाती जी शक्ती कमावतात तिच्यातली निम्म्याहून अधिक तर हवा दाबण्यातच जाते. नोकरीला जायच्या खर्चातच अर्धा पगार संपावा तसं.) गॅसमधली उष्णता १०० धरली तर साधारण ३८ एककांची वीज मिळते. बाकीची ६२ बाहेर जाते आणि जाताना त्या झोताचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअस असतं. एवढा तापलेला वारा नुसता आकाशात सोडून द्यायचा?

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात याचं उत्तर होतं. चुलीला मागच्या बाजूला वैल असायचा. पुढे भाकरी भाजून झाल्यावर जाळ आणि धग जी मागे वळायची, तिच्यावर आमटीचं भांडं रटरटत राहायचं. वैलासाठी वेगळं लाकूड कुणी घालत नसे.

गॅस टर्बाइनच्या मागे असाच वैल बसवतात. तो म्हणजे स्वतःची आग नसलेला बॉयलर. टर्बाइनमधून बाहेर पडणारा तप्त वायू त्यातल्या नळ्यांवरून जातो, नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरतं. त्या ६२ एककांतून आणखी २० एककांची वीज निघते. ३८ आणि २०, एकूण ५८. या जोडीला कम्बाइन्ड सायकल म्हणतात.

आपल्याकडचं उदाहरण उरणचं. बोकडवीऱ्याच्या महानिर्मितीच्या केंद्रात १०८ मेगावॉटचे चार गॅस संच आहेत, म्हणजे ४३२ मेगावॉट. त्यांच्या मागे वाफेचे १२० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे आणखी २४०. एकूण क्षमता ६७२ मेगावॉट, आणि त्यातले २४० निव्वळ वैलावरचे. गॅस आणि वाफेचं हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: वाफेचा वाटा गॅसच्या निम्म्याहून थोडा जास्त.

यात ऊन शिरतं कुठे?

वैलावर आमटी ठेवताना भांड्यात माठातलं गार पाणी घालायचं की अंगणातल्या घंगाळात उन्हानं तापलेलं पाणी, म्हणजे उन्हवणी? उन्हवणी घातली तर आमटीला लवकर उकळी येणार. सूर्याची जोड ती एवढीच. सूर्य चूल पेटवत नाही, तो वैलाला हातभार लावतो.

प्रत्यक्षात अंगणाच्या जागी वाळवंट असतं आणि घंगाळाच्या जागी आरशांच्या रांगा. आरसे पन्हळीसारखे वळवलेले असतात. पन्हळीच्या मधोमध एक नळी, तिच्याभोवती काच, काच आणि नळीच्या मध्ये निर्वात पोकळी. आरसे दिवसभर सूर्याबरोबर कलतात आणि ऊन त्या नळीवर एकवटतात. नळीतून कृत्रिम तेल वाहतं, ते ३९० अंशांपर्यंत तापतं. ४०० च्या पुढे तेल विघटित व्हायला लागतं, म्हणून तिथेच थांबावं लागतं. या तेलाच्या उष्णतेनं पाण्याची वाफ करायची आणि ती वाफ मागच्या बॉयलरला नेऊन जोडायची.

यात एक खुबी आहे. वाफ बनवण्याचे तीन टप्पे असतात: पाणी तापवणं, ते उकळून वाफ करणं आणि ती वाफ आणखी तापवणं. मधला टप्पा सगळ्यात खादाड. पाणी उकळत असताना उष्णता कितीही ओता, तापमान हलत नाही. सहाशे अंशांचा वारा तीनशे अंशांवरच्या उकळीसाठी खर्च करणं म्हणजे सोनाराच्या तराजूत कांदे मोजण्यासारखं. ते काम ३९० अंशांचं तेल करू शकतं. म्हणून उकळीचा भार सूर्यावर टाकायचा आणि टर्बाइनमागचा वारा शेवटच्या टप्प्यासाठी, वाफ पाचशे अंशांच्या वर नेण्यासाठी राखून ठेवायचा. नुसत्या पन्हळी आरशांवर आणि तेलावर चालणाऱ्या केंद्राला एवढी तापलेली वाफ मिळूच शकत नाही. इथे सूर्याची उष्णता गॅसच्या खांद्यावर बसून वर चढते.

अशी केंद्रं खरोखर उभी राहिली. अल्जीरियातल्या हासी रमेल या प्रचंड वायुक्षेत्राजवळचं २०११ साली सुरू झालं. तिथे गॅसचे ४० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि वाफेचा एकच, पण ८० मेगावॉटचा. आरसे सुमारे १ लाख ८० हजार चौरस मीटर, म्हणजे ४५ एकर नुसती काच. त्याच सुमारास मोरोक्कोत ऐन बेनी मथार आणि इजिप्तमध्ये कुरेमत इथे अशी केंद्रं सुरू झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मार्टिन केंद्राला २०१० साली ७५ मेगावॉटची सौर जोड मिळाली, सुमारे १ लाख ९० हजार आरशांची.

वीज नाही पण वाफेपुरतं हेच तत्त्व पाहायचं असेल तर शिर्डीला जावं. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ तबकड्या बसवल्या. त्यांची वाफ आणि गॅसवरच्या बॉयलरची वाफ मिळून स्वयंपाक होतो. ऊन असेल तेवढी वाफ उन्हाची, बाकी गॅसची. ताटातल्या डाळीला फरक कळत नाही.

एकच केंद्र, तीन टक्केवाऱ्या

आता भाच्याच्या ६४ कडे येऊ. सोयीसाठी एक काल्पनिक केंद्र घेतो. त्यात भर दुपारी २०० मेगावॉट उष्णता देईल एवढा गॅस जळतो आणि त्यातून ११० मेगावॉट वीज होते. कार्यक्षमता ५५ टक्के. आता आरशांवर ८० मेगावॉट ऊन पडतं. काही परावर्तनात, काही नळीच्या धगीत वाया जातं, तेलातून ५० मेगावॉट उष्णता पोचते. तिच्यातून १८ मेगावॉट जादा वीज मिळते. एकूण १२८.

कार्यक्षमता म्हणजे मिळालेली वीज भागिले घातलेली ऊर्जा. घातलं काय?

फक्त गॅस मोजला तर १२८ भागिले २००: ६४ टक्के. हा भाच्याचा आकडा. ऊन फुकट आहे, मग मोजायचं कशाला, हा त्यामागचा विचार.

तेलातून आलेली उष्णताही धरली तर १२८ भागिले २५०: ५१ टक्के.

आरशांवर पडलेलं सगळं ऊन धरलं तर १२८ भागिले २८०: ४६ टक्क्यांपेक्षाही थोडं कमी.

केंद्र तेच, दुपार तीच, वीज तेवढीच. पहिल्या आकड्यानं केंद्र जगात पहिलं येतं, तिसऱ्या आकड्यानं ते जोड देण्याआधी होतं त्यापेक्षाही खाली जातं.

आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की उन्हवणी घातल्यावर लाकूड कमी लागतं. "माझं लाकूड आता जास्त तापतं" असं ती म्हणाली नसती. पहिला आकडा नेमकं हेच म्हणतो. गॅसचा खर्च किती वाचला याचा अंदाज त्यातून येतो, तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे. पण तो यंत्राची कार्यक्षमता म्हणून छापला आणि बुशांच्या ६२.२२ शेजारी ठेवला, की फसवणूक सुरू होते. बुशांमध्ये मोजायला दुसरं काही नव्हतंच, सगळी ऊर्जा गॅसचीच होती.

"पण ऊन फुकटच आहे ना?"

ऊन फुकट आहे, आरसे नाहीत. त्यांची काच, लोखंड, तेल, जमीन आणि ते धुवायला लागणारं पाणी, हे सगळं विकत घ्यावं लागतं, आणि वाळवंटात पाणीच सगळ्यात महाग. तिसरा आकडा गॅस वाचला का हे सांगत नाही, पण आरशांचं क्षेत्र नीट वापरलं का हे सांगतो. माझ्या मते त्याहून सरळ आकडा वेगळाच आहे: उन्हाच्या ८० मधून जादा वीज १८, म्हणजे साडेबावीस टक्के. सूर्यानं स्वतः काय कमावलं ते हे. तो आकडा वेगळा लिहा, गॅसचा वेगळा लिहा, दोघांना एका भागाकारात कोंबू नका.

उष्णता किती आहे, आणि कसली आहे?

घंगाळभर उन्हवणीत तापलेल्या तव्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता असते, सहज दहापट. पण उन्हवणीवर भाकरी भाजून दाखवा! उष्णतेचं प्रमाण एक आणि तिची पत दुसरी. पत ठरते तापमानावरून. एखाद्या उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम करून घेता येईल, त्या वाट्याला अभियंते एक्सर्जी म्हणतात.

ही मर्यादा फ्रान्सच्या सादी कार्नोनं १८२४ साली दाखवून दिली आणि ती कुठल्याही कंपनीच्या हातातली नाही. बाहेर ३० अंश असताना १४०० अंशांच्या उष्णतेतून जास्तीत जास्त ८२ टक्के काम निघू शकतं. ३९० अंशांच्या तेलातून ५४ टक्के. पंचेचाळीस अंशांच्या उन्हवणीतून पाच टक्केही नाही.

या चष्म्यातून पाहिलं की केंद्राचं चित्र उलटतं. साध्या हिशेबात वाटतं की सगळी चोरी शीतकरण मनोऱ्यात होते, तिथूनच तर ढगच्या ढग बाहेर पडतात. पण ती उष्णता चाळीसेक अंशांची, जवळजवळ कवडीमोलाची. खरं नुकसान होतं ज्वालेत. गॅस जाळण्याच्या त्या एका क्षणातच त्याच्या एक्सर्जीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कायमचा जातो, आणि तिथे धूरही दिसत नाही. सौर बाजूला मोठं नुकसान होतं नळीपाशी: साडेपाच हजार अंशांच्या सूर्यपृष्ठावरून निघालेला प्रकाश आणि आपण त्यातून मिळवतो काय, तर ३९० अंशांचं तेल.

म्हणून धडपड असते ती तेल बदलण्याची. सिसिलीत प्रिओलो गार्गालो इथे इटलीच्या एनेल कंपनीनं २०१० साली आर्किमीडीस नावाचं ५ मेगावॉटचं छोटं सौर संयंत्र आपल्या गॅस केंद्राला जोडलं. त्यात तेलाऐवजी वितळलेलं मीठ वापरलं, सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं. खतवाल्यांना ही नावं नवी नाहीत. ते ५५० अंशांपर्यंत नेता येतं. अडचण अशी की दोनशे चाळीसच्या आसपास ते गोठायला लागतं, म्हणजे रात्रीही नळ्यांना ऊब द्यावी लागते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली हलवून पाहिलेल्यांना ही काळजी समजेल.

दुपारी खरंच फायदा होतो

सूर्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि माझ्या भाच्याच्या मसुद्यात तोच नव्हता. गॅस टर्बाइनची छापील क्षमता १५ अंशांच्या हवेसाठी असते. हवा तापली की विरळ होते, मग तेवढ्याच आकारमानात ओढलेली हवा वजनानं कमी भरते. दर अंशाला अर्धा ते एक टक्का शक्ती घटते. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दुपारी १५ ते २० टक्के घट ठरलेली, आणि नेमके तेव्हाच शहरातले सगळे एसी चालू असतात. गॅस टर्बाइन मंदावलं की त्याच्या मागचा वारा कमी, मग वाफही कमी. वाफेच्या टर्बाइनमध्ये जागा रिकामी.

ती रिकामी जागा भरायला त्याच वेळी सूर्य डोक्यावर असतो. गॅस दमतो तेव्हा ऊन जोरात असतं. शिवाय वाफेचं टर्बाइन आधीपासूनच तापलेलं, फिरतं असतं. निव्वळ सौर औष्णिक केंद्राला रोज सकाळी थंड यंत्र तापवण्यात वेळ आणि उष्णता घालवावी लागते, इथे ते नाही.

आणि रात्री त्याची किंमत मोजावी लागते

आता उरणचं प्रमाण आठवा. तिथे वाफेचा वाटा गॅसच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. हासी रमेलमध्ये गॅस ८०, वाफही ८०. दुपारची सौर वाफ मावावी म्हणून तिथलं वाफेचं टर्बाइन मोठं घ्यावं लागलं. रात्री ऊन नाही, मग त्या मोठ्या यंत्राला कमी वाफेवर चालवायचं, नाहीतर बॉयलरमध्ये जादा गॅस जाळून तूट भरायची. कमी भारावर यंत्राची कार्यक्षमता उतरते. चाळीस जणांची बस दहा प्रवाशांसाठी सोडली तर डिझेल एक चतुर्थांश लागत नाही.

आपल्या काल्पनिक केंद्राचा वर्षाचा हिशेब मांडू. वर्षात तास ८,७६०. पूर्ण जोराचं ऊन २,००० तास धरलं तर सूर्याची कमाई १८ गुणिले २,०००, म्हणजे ३६ हजार मेगावॉट तास. उरलेल्या ६,७६० तासांत मोठ्या टर्बाइनपायी फक्त १ मेगावॉट गमावला असं धरलं, तरी सूर्याच्या कमाईतला जवळपास पाचवा हिस्सा रात्रीनं खाल्ला. दुपारच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

आणि मुळात सूर्याचा वाटा केवढा? या केंद्रात गॅसची वर्षाची वीज साडेनऊ लाख मेगावॉट तासांवर जाते. सूर्याचे ३६ हजार म्हणजे पावणेचार टक्के. मोरोक्कोच्या ऐन बेनी मथारमध्ये केंद्र ४७० मेगावॉटचं आणि सौर भाग २० मेगावॉटचा, तिथे हा वाटा सुमारे एक टक्काच. तेव्हा कुणी अशा केंद्राला 'सौर वीजकेंद्र' म्हणालं तर भेळेत घातलेल्या कोथिंबिरीवरून तिला पालेभाजी म्हणण्यासारखं आहे.

मग सरळ सोलर पॅनेल का लावू नयेत?

हा आक्षेप सगळ्यात मोठा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. छतावरचं चांगलं पॅनेल उन्हाची वीस-बावीस टक्के वीज करतं. आपल्या केंद्रातल्या सूर्याची दुपारची कमाई साडेबावीस. म्हणजे कार्यक्षमतेत बरोबरी, पण पॅनेलला तेल नाही, नळ्या नाहीत, बॉयलर नाही. त्यात पॅनेल कोसळत्या दरानं मिळू लागले. २०१७ साली राजस्थानातल्या भडला सौर उद्यानाच्या लिलावात वीज २ रुपये ४४ पैसे युनिटला गेली. २०२० साली गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांना. या भावापुढे आरशांची पन्हळ टिकणं अवघड आहे. नवं केंद्र बांधायचं असेल तर बहुतेक ठिकाणी शेजारी पॅनेल लावा आणि गॅस संच संध्याकाळसाठी राखून ठेवा, असंच मीही सांगेन.

आरशांची बाजू उरते ती थोड्या जागी: जिथे वाळवंट आहे, गॅस केंद्र आधीच उभं आहे, वाफेच्या टर्बाइनमध्ये जागा शिल्लक आहे. किंवा जिथे वीज नको, वाफच हवी आहे. शिर्डीच्या स्वयंपाकघरात पॅनेलची वीज करून पुन्हा तिची उष्णता करण्यापेक्षा उन्हाची थेट वाफ केलेली बरी.

आपल्याकडे का झालं नाही?

होणार होतं. जोधपूरजवळ मथानियाला १४० मेगावॉटच्या अशा केंद्राची योजना १९९० च्या दशकात आखली गेली. सौर भाग ३५ मेगावॉटचा. जागतिक पर्यावरण सुविधा या निधीनं सुमारे ५ कोटी डॉलरची मदत देऊ केली, जर्मन बँकेचं कर्ज ठरलं. इजिप्त आणि मोरोक्कोची केंद्रं याच निधीच्या मदतीनं उभी राहिली. आपलं मात्र इंधनाच्या प्रश्नावर अडलं आणि कागदावरच राहिलं. पुढे तेव्हाच्या त्याच जोधपूर जिल्ह्यात भडल्याचं उद्यान आलं, सगळं पॅनेलचं, दोन हजार मेगावॉटच्या वर.

उरणला आरसे लावावेत, असं सुचवणारेही भेटतात. पण हे आरसे फक्त थेट आलेलं ऊन एकवटू शकतात. ढगांतून, बाष्पातून, धुक्यातून विखरून आलेला प्रकाश त्यांच्या कामाचा नाही. पॅनेल तो थोडाफार वापरतं, पन्हळ अजिबात नाही. कोकणातली दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता तिथे पंचेचाळीस एकर काच फक्त पागोळ्या गोळा करील. शिवाय देशातली वीस-पंचवीस हजार मेगावॉटची गॅस केंद्रं गॅसअभावी बराच काळ बसूनच असतात. चूलच पेटत नसेल तर वैलावर उन्हवणी ठेवून काय करणार?

भाच्यानं तक्ता बदलला. आता त्यात गॅसची कार्यक्षमता वेगळी आहे, सूर्याची वेगळी आणि शेवटी वर्षभरात वाचलेल्या गॅसचा आकडा. ६४ कुठेच नाही. मसुदा परत आला तेव्हा त्यावर मार्गदर्शकांनी पेन्सिलनं लिहिलं होतं: 'मागच्या वेळी जास्त होती. कमी का झाली?' तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.